पाटावरून उठताना

बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात एक भलामोठा दगड आहे. १९०२ साली गामा पहिलवानाने तो उचलला होता व त्याचे वजन १,२०० किलो आहे, असे सांगतात. घरी पाहुणे आले की त्यांना तो दगड दाखवून आणण्याची आमच्याकडे रीतच आहे. वजनाच्या आकड्याविषयी आमच्या मनात थोडी शंका आहे, कारण लाशा तालाखाद्झे या जगज्जेत्या भारोत्तोलकाने २०२१ साली डोक्यावर तोलून धरलेला भार २६७ किलोंचा होता. पण ते असो. त्या दगडाने आमचे एक नुकसान मात्र केले. बळ ही पहिलवानांची मिरास, आपण कारकुनी पेशाच्या माणसांनी तिची हाव धरू नये, असा समज आमच्या मनात कायमचा घर करून बसला.

त्या समजाला पहिला तडा गेला तो दोन वर्षांपूर्वी. आमच्या मातोश्री, वय वर्षे ८१, तिसऱ्या प्रहरी देवघर आवरायला जमिनीवर बसल्या आणि त्यांना पुन्हा उठवेना. घरात कोणी नव्हते. त्या पडल्या नव्हत्या, कोठे लागले नव्हते, हाड मोडले नव्हते. मांड्यांत उठण्यापुरते बळ उरले नव्हते, एवढेच. सायंकाळी सहाला आम्ही परतलो तेव्हा तीन तासांपासून त्या भिंतीला टेकून तशाच बसलेल्या होत्या. 'काही नाही रे, जप करीत होते,' असे म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा आवाज कापत होता.

पुढे माघात घरी सत्यनारायण झाला. आरती आटोपली आणि पाटावरून उठताना आमचाच एक हात चिरंजीवांनी व दुसरा सूनबाईंनी धरला. आमचे वय तेव्हा अवघे ५९. मातोश्रींच्या त्या तीन तासांची वाट आम्हीही चालू लागलो आहोत, हे त्या क्षणी कळले. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, आणि त्यांना काम न दिले तर साठीनंतर ती झीज अधिकच वेगाने होते.

वास्तविक बडोद्याच्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावे लागू नये. प्रा. माणिकरावांनी नावारूपाला आणलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर येथलेच. द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंडही १९३० व १९४०च्या दशकांत येथूनच निघाले. आमच्या घरी त्यांतले दोन आहेत. ते आजवर कपाटाचा कललेला पाय सावरण्याच्या उपयोगी पडले, हे सांगताना संकोच वाटतो.

तेव्हा आम्ही आरंभ केला, आणि तो पुरता चुकला. शाळकरी वयात तालमीत पन्नास बैठका सहज निघत, त्या आठवणीच्या भरवशावर पहिल्याच सकाळी चाळीस काढल्या. तीन दिवस जिना उतरताना कठड्याला धरून उलटे उतरावे लागले आणि उजवा गुडघा सुजला तो पंधरवडाभर. आरंभशूरांपैकी निम्मे लोक येथेच व्यायामाला रामराम ठोकत असावेत. डॉक्टरांनी गुडघा पाहिला, रक्तदाब तपासला आणि म्हणाले, "बैठका नकोत. खुर्चीवरून उठा नि बसा. आठ वेळा." आम्हाला तो उपहास वाटला. तो उपहास नव्हता, हे सातव्या खेपेला समजले.

वाचकांनाही आम्ही तेथूनच आरंभ करावयास सांगू. भक्कम, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पावले जमिनीवर पूर्ण टेकवून, शक्य तर हातांच्या आधाराविना, सावकाश उठावे आणि त्याहून सावकाश बसावे. उठताना श्वास सोडावा. तो कोंडून धरला असता रक्तदाब एकदम चढतो. आठ वेळा झाले की दोन मिनिटे विसावा घेऊन पुन्हा आठ. दुसरा व्यायाम भिंतीवरचे जोर. ते सोपे झाले की ओट्याच्या कडेवर आणि मग, जमेल तेव्हा, जमिनीवर. तिसरा ओढण्याचा. एका हाताने टेबलाचा आधार घेऊन, पाठ सरळ ठेवून पुढे वाकावे व दुसऱ्या हातातील दोन किलो तांदळाची कापडी पिशवी कोपर मागे नेत बरगडीपर्यंत ओढावी. शेवटी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या माराव्यात. आमच्या सौ. हे शेवटचे कलम वाचून हसल्या. भाजीबाजारातून त्या तीस वर्षे हेच करीत आल्या आहेत.

हे आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस सोडून. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही निदान दोन दिवसांची आहे. मात्र भार वाढता हवा. खरी मेख येथे आहे. वर्षभर तेच आठ आणि तेच दोन किलो केले तर शरीर त्याला सरावते व पुढे काही देत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डेलॉर्म या अमेरिकन डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय सावरले ते याच चढत्या भाराच्या पद्धतीने. ओळीने दोन खेपांना बारा आवर्तने सुखाने झाली की अर्धा किलो वाढवावा आणि पुन्हा आठांवर यावे. यासाठी एक वही हवी. स्मरणशक्ती या बाबतीत फार उदार असते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर घाबरू नये, ते आपोआप शमते. सांध्यात कळ आली तर मात्र थांबावे, आणि छाती भरून आली वा भोवळ आली तर त्या क्षणी थांबून डॉक्टर गाठावा. हृदयविकार, रक्तदाब, अंतर्गळ किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असलेल्यांनी तर आरंभच त्यांना विचारून करावा. डबाबंद भुकट्यांच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. डाळ, दही, दूध, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी पुरेशी घेतली तर बहुतेकांचे भागते. बायकांचे अंग पुरुषी होईल ही भीती आमच्या वहिनींनी बोलून दाखविली. अर्ध्या अर्ध्या किलोने तसे काही होत नाही.

'आता या वयात काय?' असे विचारणाऱ्यांना आम्ही बोस्टनची हकीकत सांगतो. तेथे नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचे भारव्यायाम दिले होते. १९९० साली त्याचा अहवाल आला. व्यायाम पुरा करणाऱ्यांचे मांड्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले होते. पहिल्या आठवड्यांतील अशी वाढ बरीचशी मज्जातंतूंची असते. असलेल्या स्नायूंना कामाला लावण्यास ते शिकतात.

मातोश्रींनी ही हकीकत दोनदा ऐकून घेतली. आता मंगळवारी व शुक्रवारी त्या ओट्याला धरून खुर्चीवरून उठतात आणि आकडा स्वतः वहीत मांडतात. गेल्या शुक्रवारी त्यांनी सात लिहिले आहेत; आमच्या मोजणीप्रमाणे ते सहाच होते.