कुलूप यंत्राला, शिक्षा ग्राहकाला

संगणकावरील मराठीचा इतिहास हा काही अंशी कुलपांचाही इतिहास आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ ज्या छापखान्यांनी व कार्यालयांनी विकत घेतली, त्यांना तिच्यासोबत एक लहानसे ‘हार्डवेअर लॉक’ही मिळे. ते संगणकामागे खोचल्यावाचून काम चालत नसे. पुढे संगणकच लॉक झाला. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीने यंत्राच्या भागांवरून एक खूण तयार करून परवाना तिच्याशी बांधण्याची रीत सर्वत्र रूढ केली. भाग फार बदलले, की मान्यता पुन्हा मागावयाची.

उत्पादकांची बाजू पोकळ नाही. वर्षानुवर्षे खपून रचलेल्या आज्ञावलीची नक्कल काही क्षणांत होते. मराठीसारख्या मर्यादित बाजारपेठेत चोरट्या प्रती माजल्या, तर मूळ उद्योगच बुडावयाचा. परंतु कुलूप अडविते कोणाला? कुलूप तोडलेली प्रत वापरणाऱ्यास त्याचा उपद्रव मुळीच नाही. तो आहे पैसे मोजणाऱ्यास. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा न्याय आहे.

जव्हार तालुक्यातील वावरसारख्या डोंगराळ गावी हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. 1992 साली वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी महाराष्ट्राला हादरा दिला. बालकांची वजने, हजेरी, धान्यवाटप यांच्या नोंदी ही तेथे निव्वळ कारकुनी बाब नव्हे. अशा ठिकाणी विजेच्या चढउताराने मदरबोर्ड जळाला, तर नवा बसविता येईल. पण परवाना जुन्या बोर्डाच्या क्रमांकाशी जखडलेला आणि नवी मान्यता मिळणार इंटरनेटवरून! संपर्कच तुटलेला असेल, तर शिक्षकाने वा लिपिकाने हात जोडावयाचे कोणापुढे?

कायद्यातही येथे विसंगती आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम 52 वैध ग्राहकास नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत ठेवू देते. मात्र यंत्राशी बांधलेल्या आज्ञावलीची राखीव प्रत दुसऱ्या यंत्रावर मुकीच राहते. उलट 2012 साली समाविष्ट झालेले कलम 65अ, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. कुलपाला संरक्षण लाभले. कुलूप लावणाऱ्याचे कर्तव्य मात्र कोणी लिहिले नाही.

ते सरकारी खरेदीच्या करारात लिहिता येईल. नादुरुस्त यंत्रावरील परवाना दूरध्वनीवरून वा पत्राने दुसऱ्या यंत्रावर हलविता यावा. एखादा भाग बदलल्याने काम थांबू नये. मान्यता येईपर्यंत काही आठवड्यांची सवलत असावी. परवाना संपला तरी ग्राहकाची स्वतःची कागदपत्रे वाचता यावीत. ती युनिकोडसारख्या खुल्या संकेतात असावीत. आणि कंपनीने उत्पादन बंद केले, तर कुलपाची किल्ली तिने ग्राहकाच्या हाती द्यावी.

आज्ञावली उत्पादकाची असेल. तिच्यात साठविलेल्या नोंदी गावाच्या आहेत. पहिलीच्या रक्षणासाठी दुसऱ्यांना कुलूप घालण्याचा अधिकार कोणासही नाही.