कालवड केसाच्या गोळ्याने मेली, की आपल्या चिकटपणाने?



गेल्या आठवड्यात आमच्या गोठ्यातली सव्वा महिन्याची कालवड गेली. पोट फुगलं, शेण बंद झालं, दूध तोडलं. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं, तर आत लिंबाएवढा केसांचा घट्ट गोळा. आतड्याच्या तोंडाशीच अडकलेला!

घरात सगळे म्हणाले, "नशीब." मला नाही पटलं.

वासरू केस का खातं? दूध पिऊन झालं तरी त्याची चोखायची हौस भागलेली नसते. मग ते शेजारच्या वासराचं अंग चाटतं. त्यात पोट अर्धवट भरलेलं, मीठ-खनिजं कमी, अंगावर उवा, आणि दिवसभर आखूड दाव्याला. केस पचत नाहीत. पोटात घुसळून त्यांचा गोळा होतो. जिवंतपणी तो सहसा कळतच नाही.

आता हिशोब करा. तीस किलोच्या वासराला वजनाच्या दहा टक्के, म्हणजे रोज ३ लिटर दूध लागतं. दोन महिन्यांचं झालं १८० लिटर. तीस रुपये दर धरला तर ५,४०० रुपये. हे वाचवायला आपण लिटरभरावर भागवतो आणि पुढे लोणीच्या बाजारात गाभण कालवड घ्यायला कर्ज काढतो. गोऱ्ह्याचं तर विचारूच नका, त्याला चीकसुद्धा जीवावर येऊन पाजतो.

उपाय महागडे नाहीत. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक. दूध पाजलं की तोंड पुसून जिभेला चिमूटभर मीठ. चाटायला खनिज वीट. दुसऱ्या आठवड्यापासून थोडं काफ स्टार्टर, कोवळा चारा, स्वच्छ पाणी. दहाव्या दिवशी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध. उवांचा बंदोबस्त. आणि चाटायची खोड लागलीच तर वासरं वेगळी बांधा, तोंडाला मुसकं घाला.

दुधाच्या दरासाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच पाहिजे. दर पडला की पहिली कात्री वासराच्या दुधाला लागते, हेही खरं. पण कोपरगाव तालुक्यात गोदावरी खोरे दूध संघ आहे, खासगी डेअऱ्या आहेत, पशुसंवर्धन विभाग आहे. फॅट-एसएनएफ रोज मोजलं जातं, वासराचं वजन कोण मोजतं? संकलन केंद्रावर खनिज वीट आणि काफ स्टार्टर उधारीवर मिळालं, महिन्यातून एकदा वासरांची तपासणी झाली, तर कितीतरी कालवडी वाचतील.

आजची कालवड म्हणजे तीन वर्षांनंतरची दुधाची किटली. तिच्या तोंडचं दूध काढून डेअरी मोठी होत नाही.

तुमच्या गोठ्यात असं झालंय का? कमेंटमध्ये लिहा. पटलं तर पुढे पाठवा.