रेस बघाच, पण आधी मांड ठोका

मराठी बोलताना आपण दिवसातून एकदा तरी घोड्याला मध्ये आणतो. प्रोजेक्टचं घोडं अडलेलं असतं. सबमिशन झाल्यावर सुचलेला मुद्दा म्हणजे वरातीमागून घोडं. ग्रुपमधले निम्मे मेंबर तर खोगीरभरतीच. पण खऱ्याखुऱ्या घोड्यावर किती जण बसलेत, असं आमच्या वर्गात विचारलं, तर तीच ती उत्तरं आली: माथेरान, महाबळेश्वरचा वेण्णा लेक, जुहू चौपाटी. म्हणजे लगाम घोडेवाल्या काकांच्या हातात आणि आपण वर फोटोपुरते. एकाचा अनुभव चुलतभावाच्या वरातीतला, तोही बँडच्या आवाजाने बिथरलेल्या घोडीवरचा. आणि रेस? रेस म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र, हातात पुस्तिका धरून ओरडणारी काका मंडळी आणि बुडालेला पगार.

माझं म्हणणं साधं आहे. घोडा हा खेळ म्हणून आपल्या पिढीपर्यंत पोचलेलाच नाही. पोचला तो एकतर जुगार म्हणून किंवा श्रीमंतांचा शौक म्हणून. यात नुकसान आपलं आहे, कारण हा खेळ अफाट भारी आहे.

मी मागच्या हिवाळ्यात काही आठवडे घोडेस्वारी शिकले. पहिली गोष्ट कळली ती ही की घोडा म्हणजे स्कूटी नाही. चावी फिरवली, निघालो, असं नसतं. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, आणि तुम्ही घाबरलाय हे त्याला तुमच्या आधी कळतं. तुमच्या मांड्या आवळल्या जातात, श्वास अडकतो, लगाम नकळत ओढला जातो आणि तो कान मागे टाकून वैतागतो. आमचे शिकवणारे सर म्हणायचे, "ताई, घोड्याच्या मानेकडं काय बघताय? जिकडं जायचंय तिकडं बघा." आधी वाटलं, हे काय तत्त्वज्ञान! पण ते निव्वळ तंत्र होतं. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर कंबर, आणि पाठीवरचं वजन सरकलं की घोडा त्या बाजूला निघतो. लगाम ओढायची गरजच पडत नाही.

साधी चाल सोपी वाटते. खरी वाट लागते ती दुडकीत. घोडा दोन-दोन पायांच्या जोडीने उडत चालतो आणि आपण खोगिरावर पोत्यासारखे आपटत राहतो. त्याच्या तालात उठ-बस करायला शिकावं लागतं, एक-दोन, एक-दोन. पहिले चार दिवस हे जमत नाही. जिना उतरताना मांड्या रडतात आणि आई विचारते, "पैसे देऊन हे करतेस?" मग एका सकाळी, काहीही वेगळं न करता, ताल सापडतो. आपटणं थांबतं. त्या क्षणाला कुठल्याही रीलमध्ये पकडता येत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत पुरुषांचा गट आणि महिलांचा गट असा प्रकारच नाही. सगळे एकाच यादीत, एकाच पदकासाठी. ताकदीने घोडा हलत नाही ना, मग वेगळं कशाला करायचं? 2023 मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज टीमने सुवर्ण मिळवलं. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. दोन मुली, दोन मुलगे. घोडेस्वारीत भारताला 1982 नंतर, म्हणजे 41 वर्षांनी मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. दोन दिवस सगळ्यांनी स्टोरी टाकल्या आणि मग पुन्हा क्रिकेट.

त्या पदकाची दुसरी बाजूही बघायला हवी. हे चौघं युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर शिकले होते. कारण नुसती हौस नव्हे. घोड्यांच्या काही साथीच्या रोगांमुळे भारतातून घोडा युरोपात स्पर्धेला नेणं जवळपास अशक्यच होतं. 2025 मध्ये मेरठच्या लष्करी केंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. तोवर मार्ग एकच: परदेशी जा, तिथे घोडा घ्या, वर्षानुवर्षं राहा. हे किती घरांना परवडेल, ते तुम्हीच सांगा. माझ्या काही आठवड्यांच्या फीनेच इंटर्नशिपचं मानधन गिळून टाकलं होतं.

"श्रीमंतांचाच खेळ आहे, आपल्याला काय करायचंय" असं म्हणून विषय संपवता येतो. पण महाराष्ट्रात तरी हे वाक्य शोभत नाही. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. घोडा परवडत नाही म्हणून कुणी स्वार व्हायचं राहिलं, असं नव्हतं. आजही आपल्याकडे मेंढपाळ धनगरांचा संसार भीमथडीच्या काटक तट्टांच्या पाठीवरून गावोगाव फिरतो. घोडा आपल्याकडे राजवाड्यात होता तसा पालावरही होता. तो क्लबात कोंडला गेला, ते नंतर.

आता रेसकडे येऊ. मुंबईत हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्यात रेस होतात. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला इंडियन डर्बी असते. 1943 पासूनची परंपरा, चार वर्षांचे घोडे, 2400 मीटर. सगळा खेळ अडीच मिनिटांच्या आसपास आटपतो. टीव्हीवर ते खेळण्यातले घोडे पळाल्यासारखं दिसतं. रेलिंगला टेकून उभं राहिलं की आधी जमीन हलते, मग टापांचा आवाज येतो, आणि मग साठच्या वेगाने जाणारी ती भिंत. हो, भिंतच. अंगाला अंग घासत पळणारे घोडे आणि मधल्या फटीतून वाट काढणारे जॉकी.

जॉकी बसलेले नसतात, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. आखूड रिकिबीत पाय रोवून, पाठ जमिनीला समांतर ठेवून, ते पूर्ण रेस वाकून उभे असतात. वजन पन्नास-पंचावन्न किलोच्या आत-बाहेर. रेसच्या आधी वजन, रेसनंतर परत वजन. जास्त चांगल्या घोड्यावर जास्त भार द्यायचा, अशी हँडिकॅपची पद्धत असते. जॉकी हलका पडला तर खोगिराला शिशाच्या पट्ट्या लावतात. आणि जड पडला तर? मग उपाशी राहा, घाम गाळा. आपण जिममध्ये सहा आठवडे डाएट करून पोस्ट टाकतो, हे लोक आयुष्यभर एका पोळीचा हिशोब ठेवतात. रेस सुरू झाली की घोड्यांच्या मागोमाग बाजूच्या रस्त्यावरून रुग्णवाहिका धावते. दुसऱ्या कुठल्या नोकरीत तुम्ही कामाला लागलात की रुग्णवाहिका लगेच पाठी निघते? चेन्नईच्या रूपा सिंग या भारतातल्या पहिल्या महिला जॉकी म्हणून ओळखल्या जातात. त्यांचं नाव आमच्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

पैशांचंही स्पष्ट बोलू. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, आणि रेसला जाणारा प्रत्येक काका हे वाक्य पाठ म्हणून दाखवतो. पण कौशल्य जॉकीचं, ट्रेनरचं, घोड्याचं. खिडकीत पैसे सरकवणाऱ्याचं किती? टोटचं गणित बघा. शंभर जणांनी शंभर-शंभर रुपये लावले की दहा हजार जमतात. त्यातून क्लबचा वाटा आणि कर आधीच निघतो आणि उरलेलंच जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे लावणाऱ्यांच्या अख्ख्या गर्दीने मिळून हरायचंच, कुणी किती हरायचं एवढाच प्रश्न. हे कळायला बी.कॉम. लागत नाही. माझा एक मित्र "फक्त शंभरच लावतो" म्हणत अख्खा सीझन खेळला आणि शेवटी त्याचा फोन हप्त्यावर आला. पैज लावू नका असं मी सांगितलं तर पानावरची मावशी वाटेन. पण पैज लावली म्हणजे रेस बघितली असं होत नाही. उलट, स्वतःच्या नंबरखेरीज बाकीचे घोडे दिसतच नाहीत.

आणि घोड्याचं काय? त्याची रेसची कारकीर्द फार तर सहा-सात वर्षांचा होईपर्यंत, आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचं. जे नामांकित आहेत ते स्टड फार्मवर जातात, काही रायडिंग स्कूलमध्ये. बाकीच्यांचं नशीब मालकावर. पाय मोडला तर बहुतेक वेळा घोड्याला मरण देतात, ते ऐकून मला चीड आली होती. नंतर व्हेटर्नरीच्या एका विद्यार्थिनीने समजावलं की, एवढं धूड तीन पायांवर तोलताना उरलेले खूरही सडत जातात, त्याला माणसासारखं पलंगावर झोपवून ठेवता येत नाही. कारण पटलं. पण मग रेसचा एवढा पैसा फिरतो तिथे निवृत्त घोड्यांच्या चाऱ्यासाठी ठरलेला हिस्सा बाजूला काढणं सक्तीचं का असू नये? याच पुण्यात पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे लस आणि प्रतिविष बनवणाऱ्या हाफकिनला जायचे, आणि त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. धावणं संपलेल्या घोड्याचा विचार एकदा केला तर जगाला लसी मिळाल्या, मग पुन्हा करायला हरकत काय?

आता घोडं पेंड खातं ते इथे. महालक्ष्मीची 211 एकर जागा सार्वजनिक आहे. तिचा करार 2013 मध्ये संपला आणि बरीच वर्षं वाद चालला. 2024 मध्ये ठरलं: 120 एकर पार्कसाठी पालिकेला, 91 एकर टर्फ क्लबकडे. पार्क हवा की रेसकोर्स, यावर सगळे भांडले. पण त्या 91 एकरांत सामान्य घरातल्या पोरापोरींना घोड्यावर बसता येईल का, हे मला कुठल्याच बातमीत सापडलं नाही. पालिकेच्या शाळेतल्या मुलांसाठी आठवड्यातून दोन सकाळी, परवडणाऱ्या फीत कॉलेजच्या बॅच, शिकवायला रेसमधून निवृत्त झालेले शांत घोडे आणि निवृत्त जॉकी. एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी युनिटमध्ये कॅडेट्सना घोडेस्वारी शिकवतातच की, फक्त अशी युनिट्स मोजकी आहेत. सार्वजनिक जमीन वापरायची तर पागेतले काही घोडे बारगिरांसाठी ठेवा, एवढंच मागणं आहे. करारात ही एक अट घातली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

तोवर, पुढच्या सीझनला रेसकोर्सवर नक्की जा. टोटच्या खिडकीपाशी गर्दी करू नका. प्रत्येक रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात, तिथे कठड्याला लागून उभे राहा. कुणाचे कान पुढे आहेत, कुणाच्या मानेवर आत्ताच घामाचा फेस आलाय, कोण मोतद्दाराच्या खिशात तोंड खुपसून गूळ शोधतोय ते बघा. मग जॉकी येतो, मोतद्दार त्याचा गुडघा ओंजळीत धरून त्याला एका झटक्यात वर चढवतो आणि घोडा ट्रॅककडे निघाला की मोतद्दार रिकामा दोर हातात घेऊन त्याच्याकडे बघत उभा राहतो.