तबकडीला हात लावू नका

आमच्या अकोल्याच्या भिशीत लिलाव लागतो. महिन्याला बारा जणींनी पैसे टाकायचे आणि जिला त्या महिन्यात नड असेल तिने बोली लावून, थोडं नुकसान सोसून रक्कम उचलायची. अठरा वर्षं मी या लिलावात बसते आहे. कोणती बाई कुठे थांबणार, हे मला तिच्या पदराशी चाललेल्या चाळ्यावरून कळतं. त्यामुळे मी जुन्या घड्याळांच्या लिलावात बोली लावली म्हटल्यावर घरात जो हशा पिकला, तो काही मला पटला नाही.

“बंद घड्याळाले पैसे देऊन राहिली का तू?” हे आमच्या ह्यांचं. सासूबाईंची काळजी वेगळीच. बंद घड्याळ घरात ठेवू नये, त्यातून ते कोणाचं वापरलेलं, ती बाई आहे की गेली कोण जाणे!

आता मूळ गोष्ट सांगते. माझं माहेर अमरावतीचं. आई शाळेत शिक्षिका होती. 1974 साली तिने स्वतःच्या पगारातून एचएमटीचं ‘सुजाता’ घेतलं. तेव्हा घड्याळ म्हणजे लग्नात जावयाला द्यायची वस्तू. सायकल, रेडिओ आणि घड्याळ मिळालं नाही तर मांडवात जावई रुसायचे. बाईने स्वतःसाठी घड्याळ घेणं ही आमच्या गल्लीत बातमी होती. आजीने म्हणे विचारलं होतं, “स्वयंपाकाले घड्याळ कायले लागते व माय?” आई ते पस्तीस वर्षं वापरत होती. रोज सकाळी चहा उकळायला ठेवला की चावी द्यायची. काचेवर बांगड्यांचे ओरखडे, तबकडीवर सहाच्या आकड्याखाली चहाच्या थेंबासारखा तपकिरी डाग. त्या डागावरून मी ते घड्याळ अंधारातही ओळखलं असतं, असं मला वाटायचं.

आई गेल्यावर भाचीच्या लग्नात तिला ते द्यावं म्हणून मी एका दुकानात दुरुस्तीला टाकलं. दुकानदार म्हणाला, “ताई, एकदम नवं करून देतो.” मला आनंदच झाला. आठ दिवसांनी हातात आलं ते गुळगुळीत, सोनेरी तबकडीचं, नव्या काचेचं घड्याळ. अक्षरं जाडजूड, मिनिटांच्या रेघा एकीकडे आणि काटा दुसरीकडे. डाग गेला, ओरखडे गेले, आई गेली. दुकानदाराशी भांडायला तोंड नव्हतं, कारण ‘नवं करा’ म्हणून मीच सांगून आले होते. भाचीला मी दुसरंच काहीतरी दिलं. ते घड्याळ अजून कपाटात आहे, मी ते घालत नाही.

मुंबईत अशा रंगवलेल्या घड्याळांचा मोठा धंदा आहे. जुनं मशीन घ्यायचं, तबकडीवर नवा रंग आणि नवी छपाई करायची आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं. जगभरचे संग्राहक अशा मालाला चक्क ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराच्या नावाने बनावट माल ओळखला जावा, हे ऐकून मला ओशाळायला झालं. हे मला माझ्या पुण्याच्या भाच्याने सांगितलं. त्याला या जुन्या घड्याळांचं वेड आहे. त्याच्याकडून कळलं की लिलावात ज्याला कोणी हात लावलेला नाही त्या घड्याळाचा भाव जास्त. घासूनपुसून चकचकीत केलेल्याचा कमी.

पटत नसेल तर एक उदाहरण देते. पॉल न्यूमन नावाच्या अमेरिकन नटाला त्याच्या बायकोने, जोअन वुडवर्डने, एक रोलेक्स घड्याळ दिलं होतं. नवऱ्याला मोटारी पळवण्याचा नाद, म्हणून मागच्या झाकणावर गाडी जपून चालव अशा अर्थाचे शब्द तिने कोरून घेतले होते. 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेलं. कुणा उत्साही कारागिराने झाकण घासून ‘नवं’ केलं असतं तर? बायकोची काळजीच पुसली गेली असती की! आपल्याकडचं बघायचं तर गांधीजींचं खिशातलं झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि जेवणाची भांडी 2009 साली न्यूयॉर्कलाच लिलावात निघाली आणि 18 लाख डॉलरला गेली. सेवाग्राम आपल्यापासून किती लांब? तिथे बापू घड्याळाच्या काट्यावर चालायचे हे ऐकतच आपण मोठ्या झालो. त्या ताट-वाटीला कोणी कल्हई करून आणली असती तर आपल्याला चाललं असतं का?

तर मी ठरवलं, आईच्या घड्याळासारखं एक ‘सुजाता’ घ्यायचं, पण हात न लावलेलं. नवं मिळायचा प्रश्नच नव्हता. 1961 साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करायचा निर्णय सरकारने 2016 साली घेतला. उरले लिलाव, आणि ते आता मोबाईलवर घरबसल्या होतात. मी पाहिलेल्या लिलावांमध्ये पुरुषांच्या ‘जनता’ आणि ‘पायलट’वर उड्या पडत होत्या, बायकांची घड्याळं कोपऱ्यात. लहान तबकडी कोणाला नको म्हणे. म्हटलं, बरंच आहे, स्वस्तात मिळेल.

भाच्याने फोटो बघायला शिकवलं. तबकडी कोरी करकरीत आणि काटे मात्र गंजके, असं दिसलं की समजावं, रंग मारलाय. अक्षरं फुगलेली, रेघा वाकड्या, तेच. कडा साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या असतील तर पॉलिश फार झालं. मागच्या झाकणाचा आणि आतल्या मशीनचा फोटो नसेल तर तो मागायचा. दिला नाही तर सोडून द्यायचं. ‘चालू आहे’ या शब्दावर तर अजिबात भाळू नका. हलवल्यावर टिकटिक करणं आणि दिवसभर वेळ दाखवणं यात फरक आहे.

आणि ‘रेडियमच्या काट्याचं’ जुनं स्विस घड्याळ असेल तर ते घरी उघडू नका, मुलांना खेळायला देऊ नका. अंधारातली चमक विझली तरी आतलं रेडियम शेकडो वर्षं तसंच राहतं. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी घड्याळांवर हे रेडियम रंगवणाऱ्या पोरी ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यांच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या. पाच जणींनी कंपनीवर दावा लावला आणि 1928 साली भरपाई मिळवली. आजारपणात, कोर्टाची पायरी चढून. बायकांनी रंगवलेल्या त्या तबकड्या अजून लोकांच्या कपाटात आहेत.

बोलीचं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. भिशीचा नियमच इथे लावला: आकडा आधी कागदावर लिहायचा आणि कागद समोर ठेवायचा. फक्त एक विसरू नये. बोली संपली की त्यावर लिलाववाल्यांचं कमिशन, कर आणि कुरिअर असतं. म्हणजे बाराशेला घेतलेलं सोळाशेला पडतं. तेवढे माझ्या भिशीच्या पैशांत होते. समोरचा अकराशे पन्नासला थांबला. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं, बोलले काही नाही.

घड्याळ आलं ते बंदच. चामडी पट्टा तुटायला आलेला, पण त्याला खिळ्याने पाडलेलं एक जादा भोक होतं. त्या बाईचं मनगट बारीक असणार. काचेवर ओरखडे होते, बांगड्यांचेच. सासूबाईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “बिचारीनं लय वापरलं व.” घरात ठेवू नये, हे मग पुन्हा निघालं नाही.

मात्र हात लावायचा नाही म्हणजे तेलपाणीही करायचं नाही, असं काही संग्राहक म्हणतात ते मला मान्य नाही. आतलं तेल वाळतं, तसंच चालवलं तर चाकं झिजतात. मशीन साफ करायलाच हवं. जवळच एक म्हातारे कारागीर आहेत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी झाकण उघडलं, मान हलवली आणि विचारलं, “तबकडी चमकवून देऊ काय, बाई?”

“नको भाऊ,” मी म्हटलं, “मशीन तेवढं साफ करा. तबकडीला हात लावू नका.”

दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. सकाळी चहा ठेवला की चावी देते आणि रेडिओवर लावून घेते. पट्टा बदलला, जुना मात्र डबीत जपून ठेवलाय, त्या भोकासकट.