किंमत हेडफोनची की शांततेची?

गेल्या काही वर्षांत आमच्या मंडळींत रसिकतेचे एक नवेच लक्षण रूढ होऊ पाहत आहे. घरात तानपुरा नाही, बैठकीला जाण्यास सवड नाही. परंतु मेजावर जाळीदार पाठीचे, पंचवीस-तीस हजार रुपयांचे हेडफोन मात्र हवेत. ज्याने ते कानाला लावले नाहीत त्याने संगीत ऐकलेच नाही, असा निवाडा द्यावयास हे रसिक मोकळे! दुसऱ्या बाजूस जुनी मंडळी या साऱ्या प्रकाराला उधळपट्टी म्हणून मोडीत काढतात. मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. वस्तू खोटी नाही. परंतु तिचे मोल जेथे वसूल व्हावे अशी जागा आज नल्लकुंट्यात सापडणे कठीण आहे, आणि ती जागा निर्माण करणे हे दुकानदाराच्या हाती नसून तुमच्या-आमच्या हाती आहे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे ऐकून घेऊ. हेडफोनमधील पातळ पडदा कंप पावतो तेव्हा ध्वनी जसा कानाकडे जातो तसाच तो मागेही जातो. पाठ बंद असली की हा मागचा ध्वनी डबीत कोंडतो, आतल्या भिंतींवर आपटून परततो आणि मूळ स्वरात मिसळून त्यावर आपला रंग चढवतो. पाठ जाळीची ठेवली की तो सरळ बाहेर निघून जातो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली ‘एचडी ४१४’ हा उघड्या बांधणीचा हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून ही रीत रुळली. तिच्याच ‘एचडी ६००’ या १९९७ सालच्या नमुन्याचे नाव जाणकार आजही आदराने घेतात. अशा साधनातून ऐकताना गाणे डोक्यात कोंडल्यासारखे न वाटता समोर बैठक मांडल्यासारखे वाटते. तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारे बारीक स्वर, तबल्यावरील थापेनंतर रेंगाळणारी आस, गायकाने घेतलेला श्वास, हे सारे सुटे सुटे ऐकू येते. हे खरे आहे, आणि जे खरे आहे ते नाकारून वाद जिंकता येत नाही.

आता किमतीचा पुरावा तपासू. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे ताडून पाहिली. निरनिराळ्या उंचीच्या स्वरांना हेडफोन कसा प्रतिसाद देतो आणि त्याची किंमत काय, या दोहोंत त्याला काही संबंध आढळला नाही. याचा अर्थ सारे हेडफोन सारखेच, असा कोणी करू नये. परंतु किमतीच्या चिठ्ठीवरून ध्वनीचा अंदाज बांधणे पुराव्याला धरून नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. शिवाय ‘एचडी ६००’चा विद्युत्-रोध ३०० ओहम आहे. हातातल्या मोबाइलच्या जोरावर असे साधन मनासारखे वाजेलच याची शाश्वती नाही. म्हणजे पाठोपाठ वेगळा अॅम्प्लिफायर आला. कोठीच्या बाजारात पैसे मोजून ग्राहक समाधानाने बाहेर पडतो तेव्हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता चुकता झालेला असतो.

परंतु माझा खरा आक्षेप पैशाचा नाही, स्थळाचा आहे. ज्या जाळीतून आतला ध्वनी बाहेर जातो त्याच जाळीतून बाहेरचा ध्वनी आत येतो. आणि आमच्या नल्लकुंट्यात बाहेर काय आहे? फीवर हॉस्पिटलकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका, भाजीबाजाराचा कोलाहल, विद्यानगर-बरकतपुऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांचे भोंगे, शेजारचा टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि गच्चीवरची टाकी भरणारा पंप! ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रस्त्याकाठच्या आमच्या घरांत ती पाळली जाते, असे कोणी शपथेवर सांगेल असे मला वाटत नाही.

या गोंगाटात पहिला बळी जातो तो तानपुऱ्याचाच. ज्या सूक्ष्म स्वरांसाठी तीस हजार मोजले तेच सर्वांत आधी बुडतात. मग श्रोता काय करतो? आवाज वाढवतो. येथे प्रश्न चैनीचा राहत नाही, आरोग्याचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्यात ४० तासांहून अधिक ऐकू नये. आणि दर ३ डेसिबलांमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १० तास, ८९ला अवघे ५ तास. कानातील ज्या केशपेशी ध्वनी टिपतात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. भोंग्यांवर मात करण्यासाठी भैरवीचा आवाज चढवणारा रसिक स्वतःच्या पैशाने स्वतःचे कान विकत असतो. शिवाय दोन खोल्यांच्या घरात त्याच्या जाळीतून झिरपणारे गाणे शेजारी अभ्यासाला बसलेल्या मुलालाही ऐकावे लागते, ते निराळेच.

आणखी एक मुद्दा. आम्ही ऐकतो काय? गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, याचा आम्हांला सार्थ अभिमान आहे. परंतु मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या काळातील मुद्रण आहे ते. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, आणि स्वराची अतिसूक्ष्म वरची स्पंदने त्यावर मुळात पुरती उतरतच नसत. जे तबकडीवर उतरले नाही ते कोणते महागडे यंत्र परत आणणार? आणि जे उतरले आहे, तो दमसास, ती तानेची सलग घडण, ते साध्या हेडफोनमधूनही काळजाला भिडते.

मग ही वस्तू कोणाच्याच कामाची नाही काय? आहे. ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्यास, किंवा ज्याच्या घरी खरोखर शांत खोली आहे अशा अलीकडील मुद्रणांच्या अभ्यासकास ती अवश्य लाभावी. इतरांनी चार-सहा हजारांचा बंद पाठीचा चांगला हेडफोन ऐकून, पारखून घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बैठकी ऐकाव्यात. चिक्कडपल्लीची त्यागराय गानसभा येथून काही दूर नाही.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. शांतता ही आपणा सर्वांची सामायिक मिळकत आहे, आणि सामायिक मिळकतीची नासधूस करण्याचा अधिकार कोणाही एका सहहिस्सेदारास नसतो. तीस हजारांच्या हेडफोनवर हळुवार आलापी ऐकणारे आमचेच गृहस्थ उत्सवसमितीच्या सभेत मात्र आणखी दोन कर्ण्यांचा ठराव बिनविरोध संमत करतात! रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सणावारी सरकारने वर्षाकाठी फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत दिली तरी ती सवलतच, हक्क नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ‘चर्च ऑफ गॉड’ विरुद्ध ‘के. के. आर. मॅजेस्टिक कॉलनी’ या दाव्यात स्पष्ट केले की, इतरांची शांतता भंग करून किंवा ध्वनिवर्धक लावूनच प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. तो दावा ख्रिस्ती प्रार्थनास्थळाचा होता, म्हणून त्यातील तत्त्व देवळाच्या सभामंडपापाशी थांबते असे कोणी मानू नये. देवाला ऐकू यावे म्हणून कर्णा लागत नाही. आणि भजन ऐकण्यास जो आला आहे त्याला तो मंडपातच ऐकू येतो.

सारांश, उघड्या पाठीच्या हेडफोनची जादा किंमत व्यर्थ नाही, परंतु ती शांततेच्या जामिनावर दिलेली रक्कम आहे. जामीन नसेल तर रक्कम बुडाली असेच समजावे. ज्याला तो हेडफोन घ्यावयाचा आहे त्याने अवश्य घ्यावा. मात्र त्याआधी आपल्या समितीच्या पुढील सभेत कर्ण्यांची संख्या निम्मी करण्याचा ठराव मांडावा. त्याला खर्च काही नाही, आणि त्याचा लाभ ज्यांच्याकडे हेडफोन नाही त्यांनाही मिळेल.