घरातली प्रत

नोव्हेंबर १९०२ मध्ये गायिका गौहरजान कलकत्त्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गच्या कर्ण्यासमोर गायली. त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांचा लेबल लावताना घोळ होऊ नये म्हणून गाणे संपताच ती आपले नाव पुकारायची. जवळपास सव्वाशे वर्षांनी तो पुकारा आजही स्वच्छ ऐकू येतो.

थोर गायक भास्करबुवा बखले त्यानंतर वीस वर्षे होते. १९२२ साली ते गेले आणि त्यांच्या आवाजाचा एकही तुकडा मागे राहिला नाही. उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, पण ध्वनिमुद्रणाच्या वाटेला गेले नाहीत. त्यांची गायकी आपण ऐकतो ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यातून. मोठेपणाला इथे काही किंमत नव्हती. ज्याची प्रत निघाली तो आवाज उरला.

घरी गाणे ऐकायचे तर तबकडी, सीडी घ्यावी की फायलींवर भागवावे, हा प्रश्न सध्या पुन्हा चर्चेत आहे. अमेरिकेत २०२२ साली, १९८७ नंतर पहिल्यांदाच, सीडींपेक्षा एलपी जास्त खपल्या. आपल्याकडेही नव्या एलपींना गिऱ्हाईक मिळते आहे. वाद मात्र बहुतेक वेळा आवाजाच्या गोडव्यापाशी अडकतो, आणि तो तिथेच मिटणारा आहे. सीडीत दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. माणसाच्या कानाला तेवढे पुरतात. १२८ केबीपीएसची एमपी३ त्यातली नऊ दशांशांहून अधिक माहिती टाकून देते, म्हणून तंबोऱ्याचा झणत्कार तिच्यात विरल्यासारखा वाटतो. फ्लॅक फाइल काहीच टाकत नाही. एलपीची ऊब अनेकांना प्रिय आहे; ती आवडीची बाब आहे आणि आवडीशी भांडण्यात अर्थ नाही. मागचे शतक डोळ्यांसमोर ठेवले तर विचारायला हवे ते वेगळेच: गाण्याची प्रत कुणाच्या ताब्यात आहे?

७८ गतीची लाखेची तबकडी, १९४८ पासून एलपी, १९६३ पासून कॅसेट, १९८२ पासून सीडी आणि मग फाइल, अशा पायऱ्या आपण उतरलो. प्रत्येक पायरीवर काही ना काही मागे राहिले. कंपन्यांनी पुढच्या पायरीवर नेले ते खपणारे. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर पुढे आले. त्यांच्याच काळातल्या कितीतरी लावण्या, पोवाडे, कीर्तने, नकला आणि एक-दोन तबकड्यांपुरते नाव झालेल्या गायिका लाखेवरच थांबल्या. त्यातले जे आज ऐकायला मिळते ते जुन्या बाजारांतून तबकड्या उचलणाऱ्या संग्राहकांमुळे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी हे काम पदरमोड करून केले.

कंपनीच्या तिजोरीचा भरवसा किती धरायचा, हेही आता कळून चुकले आहे. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत आग लागली आणि मूळ ध्वनिफितींचा मोठा साठा जळाला. त्या नुकसानीची व्याप्ती बाहेर आली २०१९ साली, अकरा वर्षांनी. त्याच २०१९ साली मायस्पेस या संकेतस्थळाने कबूल केले की, सर्व्हर बदलताना २०१६ पूर्वी लोकांनी चढवलेले संगीत गमावले गेले. आगीने टेप नेल्या, एका चुकीने फायली नेल्या. जिथे दुसरी प्रत दुसऱ्या छताखाली होती, तिथे गाणे वाचले.

म्हणून फाइल आणि तबकडी यांना एकमेकांसमोर उभे करणे मला पटत नाही. आपल्या हार्ड डिस्कवरची, कुलूप नसलेली फाइल ही तबकडीचीच बहीण आहे. वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही, मुलीला देता येते, आणि कितीही नकला काढल्या तरी दर्जा घसरत नाही. हा शेवटचा गुण तर तबकडीतही नव्हता. वेगळे आहे ते स्ट्रीमिंग. तिथे आपण गाण्याचे भाडेकरू असतो. कंपन्यांचे करार फिसकटले की काल लावलेले नाट्यगीत आज यादीत सापडत नाही, आणि जाब विचारायला आपल्या हाती पावतीसुद्धा नसते.

स्ट्रीमिंगचे उपकार मात्र नाकारता येणार नाहीत. ग्रामोफोन ही एके काळी सधन घरांची वस्तू होती. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी लहानग्या भीमसेन जोशींनी ऐकली ती दुकानात वाजणाऱ्या तबकडीवर, आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते गाण्याच्या शोधात घर सोडून निघाले. आज तीच ठुमरी गडचिरोलीतल्या मुलाच्या फोनवर आहे. ही मोठीच गोष्ट आहे. पण ऐकणे आणि जपणे ही दोन कामे आहेत. शोधायला, चाखायला स्ट्रीमिंग खुशाल वापरावे. जे गाणे आयुष्यभर हवे आहे त्याची प्रत घरात असावी.

महाराष्ट्राला तर हे अधिकच लागू आहे. आपल्या संगीताचा फार मोठा भाग कुठल्याच कंपनीने कधी काढला नाही. गणेशोत्सवातल्या, देवळातल्या, दिवाणखान्यातल्या मैफिली रसिकांनी स्पूलवर आणि पुढे कॅसेटवर टिपल्या. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारा, तासभर फुलत गेलेला ख्याल तिथे आहे. त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. कपाटातली ती कॅसेट हीच मूळ प्रत आणि हीच शेवटची.

या साऱ्यात घाई कशाची करायची, तेही नीट समजून घ्यावे. लाखेची तबकडी पडली तर फुटते, पण नीट उभी ठेवली तर शंभर वर्षे तग धरते. कॅसेटला तेवढा धीर नाही. दमट हवेत तिच्या फितीवर बुरशी चढते, थर सुटतात. घरी भरलेल्या सीडीचा रंगथर काही वर्षांत दगा देऊ शकतो. तेव्हा आधी कॅसेट आणि घरी भरलेल्या सीडी, मग तबकड्या.

तबकडीची फाइल करतानाही घिसाडघाई नको. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी खडखडत फिरते आणि आवाजाऐवजी कचराच उचलते. गतीचेही तसेच. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्या नसत. ७४ वर कापलेली तबकडी ७८ वर लावली की काळी दोनचा षड्ज पांढरी तीनच्या उंबरठ्यावर जातो. गायिकेचा गळा बारीक होतो, तानांना खोटीच चपळाई येते. आज मिळणाऱ्या कितीतरी फायलींत हा दोष बसून गेला आहे. मूळ तबकडी हाती असेल तरच तो कधीतरी दुरुस्त होईल. म्हणून फाइल झाली की तबकडी भंगारात काढायची नाही. खरखरही पुसू नये, निदान एका प्रतीत तरी; खरखरीबरोबर श्वासही पुसला जातो.

कायद्याचीही इथे मदत आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात, तेवढे पाहून घ्यावे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या बहुसंख्य तबकड्या आज मोकळ्या आहेत. त्या वाटून घेण्यात गैर काही नाही.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाईंची भैरवी अंतराळात पाठवायची ठरली, तेव्हा ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरली गेली. सोबत सुई आणि वाजवण्याची आकृतीही दिली. परक्यालाही कुणाची परवानगी न घेता ऐकता यावे, हा त्यामागचा विचार होता. आपल्या नातवंडांसाठी निदान तेवढा विचार आपण करायला हवा.

माझा कौल असा: रोजच्या ऐकण्यासाठी फ्लॅक फायली ठेवाव्यात, दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. मनाच्या जवळची चार-दोन ध्वनिमुद्रणे तबकडीवर किंवा सीडीवर विकत घ्यावीत. आणि जे बाजारात कधी आलेच नाही, त्याची मूळ वस्तू जिवापाड जपावी. वाचकांना विनंती एवढीच, की येत्या पावसाळ्याआधी घरातल्या कॅसेट बाहेर काढा, प्रत्येकीवर कलाकार, राग, ठिकाण आणि साल लिहा, आणि निदान एकीची तरी प्रत करून दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पोचवा.