चकचकीत पाइप आणि उघडी डोकी

पावसाळा लागला की मुळशी, लोणावळा, इगतपुरीच्या बाजूला सुटीच्या दिवशी थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या एमएम ५४० जीपा चिखलाच्या वाटा शोधत निघतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर आता पाइपांचा सांगाडा दिसतो. विकणारा त्याला रोल केज म्हणतो, घेणाराही. दुकानातली चौकशी मात्र बहुतेक वेळा रंगाची, वर दिवे बसतील का याची आणि कितीला पडेल याची असते. पाइप कोणता, जाडी किती, त्याचे पाय गाडीत कुठे टेकणार, हे विचारणारा ग्राहक विरळा. गाडी पलटी झाल्यावर आतल्या माणसांचे काय होणार, हे मात्र याच उत्तरांवर ठरते.

रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत अर्धामुर्धा केज बसवण्यापेक्षा तो न बसवलेला बरा. आणि स्पर्धेत किंवा अवघड ट्रेलवर उतरणाऱ्या गाडीत तो बसवायचाच, तर नियमपुस्तकाप्रमाणे पूर्ण बसवावा. आज बाजारात सर्वाधिक खपते ते या दोन्हींच्या मधले काहीतरी, आणि सर्वांत जास्त धोका तिथेच आहे.

सह्याद्रीतल्या वाटांवर गाड्या उलटतात त्या बहुधा वेगामुळे नव्हे. उतारावर आडवी घेतलेली गाडी, खालच्या बाजूचे चाक खड्ड्यात, वरच्या बाजूचे दगडावर, आणि पाच-दहा किलोमीटरच्या वेगातच ती सावकाश कलंडते. कुशीवर पडून थांबली तर नशीब. पुढे उतार असेल तर छतावर येते आणि तिथेच थांबते असेही नाही. कापडी हुडाच्या जुन्या जीपमध्ये अशा वेळी डोके आणि जमीन यांच्यामध्ये असते ती फक्त समोरच्या काचेची चौकट, आणि ती तर पुढे दुमडता यावी म्हणून बिजागऱ्यांवरच बसवलेली असते. अशा जीपला केजची खरी गरज आहे, याबद्दल दुमत नको.

नव्या बंद छताच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. २०२० मध्ये आलेल्या थारला ग्लोबल एनकॅपने चार तारे दिले, २०२४ च्या थार रॉक्सला भारत एनकॅपने पाच. पण या चाचण्यांत गाडी समोरून आणि बाजूने धडकवतात, उलटवत नाहीत. त्यामुळे तारे पाहून छताच्या ताकदीचा अंदाज बांधणे चुकीचे, तसेच छत कमकुवतच आहे असे धरून पाइप ठोकणेही चुकीचे.

पाइपाकडे वळू. फॅब्रिकेशनच्या दुकानात सहज मिळतो तो जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाण्याचा नळ. ‘दीड इंची’ म्हणून तो दाखवला जातो. ते माप आतल्या पोकळीचे, बाहेरून तो ४८ मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि दिसायला दणकट वाटतो. पण तो पाणी वाहून नेण्यासाठी केलेला आहे. वेल्डिंगच्या उष्णतेत त्यावरचे जस्त जळते, तो धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि सांध्यात बारीक पोकळ्या राहतात. दुसरा लाडका पर्याय म्हणजे बाल्कनीच्या कठड्याला वापरतात तो चकचकीत स्टीलचा पाइप. त्याची भिंत अनेकदा मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असते. गाडीच्या वजनाखाली तो वाकत नाही, थेट चेपतो.

मग हवा कोणता? आंतरराष्ट्रीय मोटर महासंघ, म्हणजे एफआयए, आपल्या नियमांत हे नेमकेपणाने सांगतो. सांधा नसलेला, थंड अवस्थेत ओढून तयार केलेला कार्बन स्टीलचा सीमलेस पाइप. चालकाच्या पाठीमागची मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यास आणि दोन जाडीची, तीही अखंड एका तुकड्यात. बाकीचे भाग ३८ बाय अडीच किंवा ४० बाय दोन. पन्नासचा पाइप पातळ चालतो यामागे साधे गणित आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होते, पण वाकण्यातला ताठपणा सुमारे आठपट होतो. म्हणून ‘जाड पाइप घाला’ हा सल्ला अर्धाच आहे.

वजन मोजायला हवे ते वेगळ्याच कारणासाठी. ४५ बाय अडीचचा एक मीटर पाइप २.६ किलोचा. चार माणसांच्या गाडीत वीस मीटर पाइप गेला तरी पन्नास किलोंच्या वर भर पडली, आणि तीही बहुतेक खांद्याच्या वर. त्यावर कॅरियर, कॅरियरवर स्टेपनी आणि डिझेलचे कॅन चढवले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, म्हणजे जी गाडी आडव्या उतारावर कशीबशी तग धरते ती कलंडू लागते. उलटण्यापासून वाचवायला लावलेली चौकट उलटण्याला हातभार लावते.

बेंड हा पुढचा मुद्दा. एफआयएच्या नियमानुसार पाइप थंड वाकवायचा आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची. वळणावर तो चपटा झालाच, तर लहान व्यास मोठ्याच्या ९० टक्क्यांहून कमी भरता कामा नये. व्हर्नियर घेऊन बेंडवर दोन बाजूंनी माप घेतले की दोन मिनिटांत निकाल लागतो. गॅसने लाल करून वाकवलेल्या पाइपाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या दिसतात. तिथेच तो पहिल्यांदा मोडणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

नुसती चौकोनी चौकट कितीही भक्कम पाइपाची असली तरी ती तिरकी होते. शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी असते ती त्यासाठीच. मुख्य कमानीत कर्ण नसलेला केज बाजूने मार बसला की लोळतो. तरीही मागची काच झाकते, सीट मागे जात नाही म्हणून ग्राहक कर्ण काढायला सांगतो आणि दुकानदार काढून देतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग पायांचा. जीपच्या तळाचा पत्रा पातळ असतो. पाइपाचे टोक थेट त्यावर वेल्ड केले तर गाडी उलटताना पाइप वाकणारच नाही, तो पत्रा फोडून खाली जाईल. म्हणून प्रत्येक पायाखाली, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने, किमान तीन मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी, मुख्य पायांना किमान तीन बोल्ट हवेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा उठवलेला असतो, तो बघून घ्यावा. थार, गुरखा, जिम्नी या तिन्ही गाड्यांत लॅडर फ्रेमवर रबरी बुशांच्या आधाराने बॉडी बसवलेली आहे. केज चॅसीला आणि सीट बॉडीला, असे केले तर पलटी होताना दोन्ही आपापल्या दिशेने हलतात आणि मधे माणूस सापडतो. सीट, पट्टा आणि केज या तिघांचा आधार एकच असायला हवा.

आता डोक्याकडे. रॅलीतल्या चालकाला हेल्मेट असते, बकेट सीट असते, खांद्यावरून आणि कमरेवरून आवळलेले पट्टे असतात. त्याच्यापुरता पोलादी पाइप सुरक्षित, कारण त्याचे शरीर जागचे हलत नाही. घरच्या गाडीत तीन टोकांचा पट्टा असतो. धडकेत शरीर पुढे आणि वर झेपावते आणि उघडे डोके आतल्या पाइपावर आपटते. जिथे आधी प्लॅस्टिकचे आवरण आणि दबणारा पत्रा होता तिथे आता न दबणारे पोलाद आहे. जिम्नी, रॉक्ससारख्या गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग उघडतात, त्यांच्या वाटेतच हा पाइप उभा राहतो. पाइपावर चढवलेला काळा फोम अनेकदा एसीच्या नळीचाच असतो, अंगठ्याने दाबला की थेट लोखंडाला टेकतो. स्पर्धेसाठी प्रमाणित केलेले पॅडिंग त्याच्या तुलनेत इतके कडक असते की ते आपल्याच कामाचे आहे यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. आणि तेही हेल्मेटसाठीच बनवलेले असते.

हे सारे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही, असे मात्र मुळीच नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून भरणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत पुण्या-मुंबईचे संघ दरवर्षी स्वतः बांधलेल्या बग्गी घेऊन उतरतात. तिथला नियम सांगतो: मुख्य पाइप किमान ०.१८ टक्के कार्बनच्या पोलादाचा, २५ मिलिमीटर व्यास, तीन मिलिमीटर जाडी, नाहीतर तेवढाच ताठ आणि तेवढाच बळकट असल्याचे गणित कागदावर मांडून दाखवा. गाडीसोबत वेल्डिंगचे नमुनेही द्यावे लागतात. एक सांधा तुटेपर्यंत ताणला जातो आणि तो तुटताना वेल्ड शाबूत राहून पाइपच फाटावा लागतो. दुसरा उभा कापून वितळलेला धातू आतपर्यंत पोचला आहे का ते पाहतात. उलटताना हात आपोआप बाहेर जातो आणि पाइपाखाली सापडतो, म्हणून चालकाचे हातही पट्ट्याने मर्यादेत ठेवले जातात. विशीतली पोरे हे करतात. लाखाचा केज करून देणाऱ्या दुकानदाराकडे उरलेल्या तुकड्यांवर एक सांधा वेल्ड करून हॅक्सॉने कापून दाखवण्याचा आग्रह धरायला काय हरकत आहे? ज्याचा हात बसलेला आहे तो नाही म्हणणार नाही.

चांगली चौकट किती जीव वाचवते याचा सर्वांत मोठा पुरावा शेतातून येतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली. १९५७ मध्ये तिथे दर लाख ट्रॅक्टरांमागे उलटून मरणाऱ्यांचे प्रमाण १७ होते, १९९० मध्ये ते ०.३ वर आले. आपल्या बांधांवर, उसाच्या फडांत दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांवर अशी चौकट नाही. हौशी ट्रेलपेक्षा तिथली गरज कितीतरी मोठी आहे.

कायदा मात्र चांगल्या आणि वाईट केजच्या फरकात पडतच नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद केली. यात नळाचा पाइप लावणारा आणि नियमाप्रमाणे सीमलेस लावणारा दोघे एकाच पारड्यात बसतात. पकडले तर दोघांनाही तोच दंड. मग दुप्पट पैसे घालून नीट काम कोण करून घेईल? बंदीने केज थांबलेले नाहीत, फक्त तपासणीविना बनू लागले आहेत.

सीएनजी किटच्या बाबतीत सरकारने हा गुंता सोडवला आहे. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त ठिकाणी बसवायचे आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. रोल केजलाही हीच वाट हवी. गाडीच्या मॉडेलनुसार चाचणी झालेले आराखडे, मुख्य कमानीवर पाइपाची प्रत आणि बनवणाऱ्याचा क्रमांक असलेली पट्टी, आणि आरसीवर स्पष्ट शेरा: ही गाडी फक्त ट्रॅकवर, किंवा ही रस्त्यावरही. पहिल्या प्रकारात पूर्ण केज आणि हेल्मेट, दुसऱ्यात फक्त सीटमागची कमान, डोक्यापासून लांब. सुरुवात बंद छताच्या गाड्यांपासून नको, कापडी हुडाच्या जुन्या जीपांपासून व्हावी, कारण त्यांच्यात मुळात काहीच संरक्षण नाही.

यासाठी लागणारे सगळे महाराष्ट्रात आहे. थार नाशिकला बनते. सीमलेस पाइप अहिल्यानगर आणि बारामतीच्या कारखान्यांतून निघतात. गाड्यांची मान्यता चाचणी करणारी एआरएआय पुण्याच्या टेकडीवर आहे. परिवहन विभागाने या तिघांना पत्र पाठवून एका जुन्या जीपच्या आराखड्यापासून काम सुरू करावे, येत्या पावसाळ्याच्या आधी.